जपानी बेंतो करून बघायचाय? भाताच्या अस्वलाआधी या गोष्टी समजून घ्या

डब्याचं झाकण उघडलं की आतून भाताचं एक अस्वल टकामका बघतं. कान भाताचे, नाक चीजचं, डोळे समुद्री शेवाळाचे. शेजारी गाजराची फुलं, सशाचे कान असलेली सफरचंदाची फोड आणि कोपऱ्यात पिवळीधमक अंड्याची गुंडाळी. जपानी बेंतोचे असे फोटो आणि व्हिडिओ मोबाइलवर कधीच आले नाहीत, असे पालक आता कमीच असतील. बघताना पहिला विचार येतो, 'आपणही करून बघू या.' दुसरा लगेच येतो, 'सकाळच्या गडबडीत हे करणार कोण?'

यातली गंमत अशी की अस्वलाचा चेहरा हे बेंतोतलं सगळ्यात सोपं काम आहे. ते शेवटच्या पाच-सात मिनिटांत होतं. व्हिडिओत न दिसणारं काम त्याआधीचं असतं. डबा किती मोठा घ्यायचा, भात कोणता शिजवायचा, पदार्थ कोणत्या प्रमाणात आणि किती घट्ट भरायचे, झाकण कधी लावायचं, यावर सगळा खेळ अवलंबून असतो. हे जमलं नाही तर घरी छान दिसलेलं अस्वल शाळेत पोहोचेपर्यंत एका बाजूला सरकतं, डोळे आक्रसतात, भात कडक होतो आणि डबा तसाच परत येतो.

म्हणूनच सुरुवात करणाऱ्यांसाठी बेंतोचं गणित अगदी पहिल्या पायरीपासून.

बेंतो म्हणजे नेमकं काय?

बेंतो म्हणजे जपानी डबा. आपल्याकडे काही जण बेंटो असंही लिहितात. एका माणसाचं एका वेळचं पूर्ण जेवण एकाच पेटीत, ही त्याची सोपी व्याख्या. तो घरून नेता येतो, दुकानात विकत मिळतो आणि रेल्वे स्थानकावरही मिळतो.

ही पद्धत जुनी आहे. शिजवून वाळवलेला भात प्रवासात नेऊन पाण्यात भिजवून खाण्याची रीत जपानमध्ये शेकडो वर्षांपूर्वी होती. पुढे एडो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ दरम्यान, नाटकाच्या दोन अंकांमधल्या वेळात खायचा डबा लोकप्रिय झाला. त्याचं नावच 'माकुनोउची' पडलं. 'माकु' म्हणजे रंगमंचावरचा पडदा. तीळ भुरभुरलेल्या भाताच्या छोट्या मुदी आणि सोबत अनेक पदार्थ थोडे थोडे, असा हा डबा आजही जपानमध्ये मिळतो.

रेल्वे आल्यावर स्थानकावरचा डबा आला. त्याला 'एकिबेन' म्हणतात. १८८५ मध्ये उत्सुनोमिया स्थानकावर बांबूच्या सालीत गुंडाळून विकलेले भाताचे गोळे हा पहिला एकिबेन, असं साधारणपणे मानलं जातं. हा मान आपलाच, असं सांगणारी इतर स्थानकंही आहेत.

'हिनोमारु बेंतो' हा आणखी एक प्रसिद्ध प्रकार. पांढऱ्या भाताच्या मधोमध एक लालसर उमेबोशी, म्हणजे खारवून वाळवलेलं आंबट फळ. वरून पाहिलं तर जपानचा झेंडाच दिसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काटकसरीचं प्रतीक म्हणून हा डबा ओळखला गेला. म्हणजे डब्यातल्या अन्नातून चित्र काढण्याची कल्पना काही मोबाइल कॅमेऱ्याने आणलेली नाही.

डब्यात कार्टून कधी आली?

भात, भाज्या, अंडं यांतून कार्टून किंवा प्राण्यांचे चेहरे करण्याच्या प्रकाराला 'क्याराबेन' म्हणतात. 'कॅरेक्टर' आणि 'बेंतो' या शब्दांचा हा जोड. हॅलो किट्टी, पिकाचू, तोतोरो ही यातली नेहमीची मंडळी. आपल्याकडच्या मुलांना टीव्हीमुळे पाठ असलेला डोरेमॉनही त्यात असतोच.

यामागे शाळेची व्यवस्था आहे. १९५४ च्या शालेय भोजन कायद्यानंतर जपानच्या प्राथमिक शाळांमध्ये शाळेकडूनच गरम जेवण देण्याची पद्धत रुजली. त्यामुळे घरचा डबा मुख्यतः अनेक बालवाड्या, उच्च माध्यमिक शाळा, सहली आणि क्रीडादिन यांच्या वाट्याला राहिला.

यात सगळ्यात लहान खवय्ये तीन ते पाच वर्षांचे. घराबाहेर एकट्याने जेवायची त्यांची ही पहिलीच वेळ. भूक लहान, नावडीची यादी मोठी. अशा मुलाने झाकण उघडल्यावर ओळखीचा चेहरा दिसावा आणि त्या नादात दोन घास भाजीचे जावेत, हा साधा हेतू होता. सन २००० नंतर ब्लॉग आणि डिजिटल कॅमेरे घरोघरी पोहोचले आणि डब्यांचे फोटो सगळ्यांसमोर येऊ लागले. त्यानंतर क्याराबेनची पुस्तकं, साचे आणि स्पर्धा यांचं वेगळंच जग उभं राहिलं.

पहिली पायरी: डबा मोजून घ्या

सुरुवात करणाऱ्यांची पहिली चूक म्हणजे मोठा डबा. मोठ्या डब्यात पदार्थ सुटे राहतात, दप्तरात हलतात आणि चित्राचा चिखल होतो. जपानी बेंतोच्या डब्यावर किंवा त्याच्या वेष्टनावर मिलिलिटरमध्ये क्षमता लिहिलेली असते. बालवाडीच्या मुलांसाठी साधारण ३०० ते ४०० मिलिलिटर, मोठ्यांसाठी साधारण ६०० ते ९०० मिलिलिटर असे डबे वापरले जातात.

नवा डबा आणायलाच हवा असं नाही. घरातल्या डब्यात काठोकाठ पाणी भरा आणि ते मापाच्या भांड्यात ओता. आकडा कळेल. डबा उथळ आणि सपाट तळाचा असावा. उंच, गोल डबा चित्रासाठी गैरसोयीचा.

हा आकडा का महत्त्वाचा? जपानमध्ये पोषणतज्ज्ञांनी रुजवलेली '३:१:२' नावाची एक पद्धत आहे. डब्याच्या जागेचे सहा भाग धरायचे. तीन भाग भात किंवा पोळीसारखा मुख्य पदार्थ, एक भाग प्रथिनं म्हणजे अंडं, मासे, चिकन, टोफू वगैरे, आणि दोन भाग भाज्या. या पद्धतीने, तळणीचा पदार्थ फार तर एक ठेवून डबा घट्ट भरला, तर डब्याचे मिलिलिटर आणि जेवणातल्या कॅलरी यांचे आकडे साधारण जवळपास येतात. ६०० मिलिलिटरचा डबा म्हणजे अंदाजे ६०० कॅलरी.

उदाहरण घ्या. ३६० मिलिलिटरचा डबा असेल तर १८० मिलिलिटर जागा भाताची, ६० प्रथिनांची आणि १२० भाज्यांची. अस्वल कितीही मोठं करावंसं वाटलं तरी त्याला निम्म्या डब्याची हद्द आहे. नाहीतर फोटो छान येतो आणि मूल नुसता भात खातं.

भात कोणता घ्यायचा?

बेंतो गरम खाल्ला जात नाही. तो खोलीच्या तापमानाला खाल्ला जातो. त्यामुळे गार झाल्यावरही मऊ राहणारा भात लागतो. तांदळाच्या स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. अमायलोज जास्त असेल तर दाणे मोकळे राहतात आणि गार झाल्यावर कडक होतात. बासमतीचं तसंच होतं. जपानी आखूड दाण्याच्या तांदळात अमायलोज कमी असतं. म्हणून तो चिकटतो आणि गार झाल्यावरही मऊ लागतो.

जपानी तांदूळ आपल्याकडे मिळतो, पण महाग पडतो. सरावासाठी इंद्रायणी उत्तम. तो मऊ आणि चिकटसर शिजतो. आंबेमोहोरही चालतो. पाणी नेहमीपेक्षा किंचित जास्त घाला. शिजल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मग हलक्या हाताने वरखाली करा. भात कोमट असतानाच त्याला आकार द्या. पूर्ण गार झालेला भात नीट चिकटत नाही.

रंगासाठी बाजारातले रंग नकोत. हळदीने पिवळा, बिटाच्या रसाने गुलाबी, पालकाच्या दाट वाटणाने हिरवा रंग येतो. सोया सॉसच्या काही थेंबांनी तपकिरी रंग येतो. जपानमध्ये भातावर भुरभुरायला 'फुरिकाके' नावाचं कोरडं मिश्रण वापरतात. आपल्याकडे ती जागा मेतकूट सहज भरून काढतं. मेतकूट कालवलेल्या भाताचं अस्वल जरा पिवळसर होईल इतकंच.

साहित्य काय लागतं?

ऑनलाइन दुकानांत बेंतोचे साचे, रंगीत काड्या आणि नोरी कापायचे पंच यांची रांग लागलेली असते. पहिल्या महिन्यात त्यातलं काहीही घेऊ नका. एवढं पुरेसं आहे:

- क्लिंग फिल्म: भाताला हात न लावता आकार द्यायला.
- लहान, स्वच्छ कात्री: फक्त स्वयंपाकाची वेगळी ठेवा.
- दोन वेगवेगळ्या जाडीच्या स्ट्रॉ: गाल, डोळे यांसाठी गोल कापायला.
- बाटलीचं स्वच्छ धुतलेलं झाकण: चीजची मोठी चकती कापायला.
- कागदी किंवा सिलिकॉनच्या छोट्या वाट्या: ओले आणि कोरडे पदार्थ वेगळे ठेवायला.
- नोरी, म्हणजे सुशीला गुंडाळतात तो समुद्री शेवाळाचा कागद: एक पाकीट पुष्कळ दिवस पुरतं. उघडल्यावर हवाबंद ठेवा, नाहीतर सादळतं.

नोरी मिळाली नाही तर डोळ्यांना काळे तीळ, बेदाण्याचे छोटे तुकडे किंवा काळ्या ऑलिव्हच्या चकत्या चालतात.

बेंतोच्या फोटोंत पदार्थांच्या मध्ये हिरवी प्लास्टिकची गवतासारखी पट्टी दिसते. तिला 'बारान' म्हणतात. पूर्वी त्या जागी खरी पानं वापरत. एका पदार्थाचा वास आणि ओलावा दुसऱ्याला लागू नये, हे तिचं काम. लेट्यूसच्या पानापेक्षा छोटी वाटी बरी. कच्च्या पानाला पाणी सुटतं.

पहिला बेंतो: भाताचं अस्वल

सुट्टीच्या दिवशी, घरीच खायच्या जेवणासाठी हा प्रयोग करा. वेळेची घाई नसेल तर चुका कळतात.

१. आदल्या रात्री गाजराच्या चकत्या फुलाच्या आकारात कापून उकडून फ्रिजमध्ये ठेवा. साचा नसेल तर सालीच्या बाजूने पाच खाचा पाडून मग चकत्या करा. फुलं आपोआप होतात.

२. सकाळी भात कोमट असताना सोया सॉसचे थेंब किंवा मेतकूट आणि चिमूटभर मीठ कालवा. त्यातला बराचसा भात क्लिंग फिल्ममध्ये घेऊन डोक्याचा चपटा गोळा करा. उरलेल्या भाताचे सुपारीएवढे दोन गोळे म्हणजे कान.

३. फिल्मसकट गोळे ताटात ठेवून गार होऊ द्या. तोवर बाकीचे पदार्थ करा.

४. प्रथिनांसाठी 'तामागोयाकी', म्हणजे पातळ थर देत गुंडाळलेलं ऑम्लेट करा. त्याचा काप तिरका कापून एक अर्धा उलटा फिरवून दुसऱ्याला जोडला की बदाम होतो. अंडं खात नसाल तर पनीरचे परतलेले चौकोन किंवा कोरडी मटकीची उसळ चालेल.

५. भाज्यांसाठी गाजराची फुलं आणि उकडलेली फरसबी. फरसबीला भाजलेल्या तिळाचा कूट आणि दोन थेंब सोया सॉस लावा. जपानमध्ये या प्रकाराला 'गोमाए' म्हणतात. तिळाचा कूट भाजीचं सुटलेलं पाणी शोषून घेतो. आपला शेंगदाण्याचा कूटही हेच काम करतो. मात्र शाळेत कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी नाही ना, हे आधी विचारा.

६. डबा भरताना क्रम पाळा. आधी भात, मग मोठा पदार्थ, मग भाज्या आणि शेवटी फटींमध्ये छोटे तुकडे. डबा हलकेच तिरका करून बघा. काही सरकलं तर जागा उरली आहे.

७. आता चेहरा. बाटलीच्या झाकणाने चीजची चकती कापून नाकाच्या जागी ठेवा. नोरीची घडी घालून एकदाच कापा, म्हणजे दोन्ही डोळे सारखे येतात. नाक आणि ओठही नोरीचेच.

८. सगळं गार झाल्याची खात्री झाल्यावरच झाकण लावा.

इथे एक छोटी युक्ती उपयोगी पडते. नोरी भातातला ओलावा शोषून आक्रसते आणि सकाळी हसणारं अस्वल दुपारी रडवेलं दिसतं. म्हणून डोळे आधी चीजच्या स्लाइसवर चिकटवा आणि चीज नोरीच्या कडेने कापा. चीजमुळे डोळ्यांचा आकार टिकतो. तुकडे घसरत असतील तर खाली मेयोनीजचा टिपका लावा.

मोठ्या मुलांच्या डब्यात जोड पक्के करायला काही जण कच्च्या स्पॅगेटीचा तुकडा टाचणीसारखा खोचतात. दुपारपर्यंत तो ओलावा पिऊन मऊ होतो. लहानग्यांच्या डब्यात मात्र हा प्रयोग नको.

अस्वल जमलं की पुढचे धडे सोपे आहेत. सफरचंदाच्या फोडीवर सालीला 'व्ही' आकाराची खाच पाडून पुढचा भाग सोलला की सशाचे कान उभे राहतात. फोडी थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवल्या तर काळ्या पडत नाहीत. छोट्या सॉसेजच्या एका टोकाला उभ्या चिरा देऊन ते परतलं की चिरा उलगडतात आणि आठ पायांचा ऑक्टोपस तयार होतो. जपानी डब्यांतला हा पिढ्यान्‌पिढ्यांचा ठरलेला कलाकार.

गोंडस डबा आणि पोटाचा प्रश्न

बेंतोबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फोटोत दिसत नाही. साधी पोळी-भाजी डब्यात टाकायला दोन मिनिटं लागतात. क्याराबेनमध्ये तेच अन्न हाताळलं जातं, कापलं जातं, चिकटवलं जातं. जितकी हाताळणी जास्त, तितके जंतू पोहोचण्याच्या संधी जास्त.

साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू वेगाने वाढतात. शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेचा डबा त्याहून जास्त वेळ दप्तरात असतो. भाताचा प्रश्न थोडा वेगळा आहे. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू भात शिजल्यावरही टिकून राहू शकतात. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि उलटी करवणारं विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. हातावरच्या स्टॅफिलोकोकस जंतूंच्या विषाचंही तेच.

म्हणून जपानी घरांत पाळले जाणारे हे नियम चित्राइतकेच महत्त्वाचे आहेत:

- भाताला उघडा हात लावू नका. क्लिंग फिल्म किंवा स्वच्छ हातमोजे वापरा.
- गरम पदार्थांवर झाकण लावू नका. वाफेचं पाणी होतं आणि जंतूंना तेच हवं असतं. भात ताटात पसरून पंख्याखाली लवकर गार करा.
- अंडं पूर्ण शिजवा. मऊ बलक डब्यात नको.
- रात्रीचा उरलेला पदार्थ असेल तर सकाळी आतपर्यंत कडकडीत गरम करून मग गार करा.
- पाणी सुटणारे पदार्थ टाळा किंवा टिपून घ्या. टोमॅटोचं देठ काढून तो धुवून पुसून घ्या.
- झाकणाची रबरी कड रोज काढून धुवा आणि वाळवा.
- डब्यासोबत बर्फाचा पॅक आणि उष्णतारोधक पिशवी द्या.

उमेबोशी घातली की डबा खराब होत नाही, असा समज जपानमध्येही आहे. तिच्यातल्या आंबट-खारटपणाचा परिणाम ती जिथे टेकते त्याच्या आसपासच होतो. लोणच्याच्या फोडीच्या भरवशावर डबा सोडता येत नाही, तसंच हे.

जपानमध्ये जूननंतरच्या दमट दिवसांत ही काळजी वाढवतात. महाराष्ट्रात एप्रिल-मेचं ऊन आणि कोकणातला दमटपणा लक्षात घेता त्या दिवसांत भाताचं चित्र शाळेच्या डब्यात न देणंच शहाणपणाचं. हौस घरच्या जेवणात भागवा. चित्र पोळीवरही जमतं. छोट्या पोळ्या वाटीने गोल कापून त्यावर गाजर-काकडीचे डोळे ठेवता येतात.

गोल, गुळगुळीत आणि धोकादायक

क्याराबेनमध्ये छोट्या गोल वस्तूंना फार मागणी असते. चेरी टोमॅटो, द्राक्षं, लाव्याची उकडलेली अंडी. डोळे, डोकी, फुगे, सगळं त्यातून होतं. पण लहान मुलाच्या घशासाठी हाच आकार सर्वांत धोक्याचा.

२०२४ मध्ये जपानच्या फुकुओका प्रांतात पहिलीतल्या एका मुलाचा शाळेच्या जेवणातलं लाव्याचं अंडं घशात अडकून मृत्यू झाला. तो घरचा बेंतो नव्हता, शाळेचं जेवण होतं. पण धोका आकारात आहे, डबा कुणी दिला यात नाही. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना कडक दाणे आणि सुकामेवा देऊ नये, द्राक्षं आणि चेरी टोमॅटो चार तुकडे करूनच द्यावेत, असा सल्ला जपानची ग्राहक व्यवहार संस्था देते.

चार तुकडे केल्यावर टोमॅटोचं डोकं होत नाही, हे खरं. पण फूल होतं. टोकदार रंगीत काड्याही लहान मुलांच्या डब्यात नकोत.

आईची परीक्षा की मुलाचं जेवण?

बेंतोची दुसरी बाजू जपानमध्ये बरीच वर्षं चर्चेत आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ अॅन अॅलिसन यांनी १९९१ मध्ये बालवाडीतल्या बेंतोवर एक बहुचर्चित निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: हा डबा फक्त मुलाचं जेवण राहत नाही. मुलाने तो ठरलेल्या वेळेत पूर्ण संपवायचा असतो आणि आईने तो तितका आकर्षक करायचा असतो. डब्यावरून दोघांचीही पारख होते. बायकांनी काय करावं याबद्दलच्या समाजाच्या अपेक्षा त्या छोट्या पेटीत भरलेल्या असतात.

समाजमाध्यमांनी हा ताण आणखी वाढवला. पूर्वी डबा वर्गापुरता होता, आता तो हजारो लोक बघतात. जपानमधल्या काही बालवाड्यांनी तर पालकांना क्याराबेन देऊ नका असं सांगितलं. कारणं दोन. मुलं डब्यांची तुलना करतात आणि साधा डबा आणणाऱ्याला वाईट वाटतं. शिवाय जास्त हाताळलेलं अन्न आरोग्यासाठी धोक्याचं ठरू शकतं.

याच डब्याची एक वेगळी गोष्ट २०१९ च्या 'क्यो मो इयागारासे बेंतो' या जपानी चित्रपटात आहे. हाचिजोजिमा बेटावर राहणारी एक आई तिच्याशी नीट न बोलणाऱ्या किशोरवयीन मुलीला रोज मुद्दाम तिची फजिती करणारा क्याराबेन देते. तोंडाने न बोललेलं सगळं ती भात आणि नोरीने लिहिते. हा चित्रपट एका आईच्या खऱ्या अनुभवावर आधारित आहे. तिथे डबा सुंदर दिसण्यापेक्षा त्यातून पोहोचलेला निरोप मोठा आहे.

आपल्याकडेही डबा हे बहुतेक घरांत आईचंच काम मानलं जातं. त्यात अस्वलाची भर पडली तर ते आणखी एक ओझं होऊ शकतं. त्यामुळे सुरुवात करतानाच घरात दोन गोष्टी ठरवलेल्या बऱ्या. एक, हे काम एकट्याचं नाही. गाजराची फुलं कापणं, नोरीचे डोळे करणं, डबा धुणं ही कामं बाबा, आजी-आजोबा करू शकतात. मुलानं स्वतः भाताचा गोळा वळला तर तो खाण्याची शक्यताही वाढते. दोन, हे रोजचं नाही. आठवड्यातून एकदा, किंवा सहल आणि वाढदिवसापुरतं पुरे.

कुठून सुरुवात करावी?

पहिल्या आठवड्यात चित्राचा विचारच करू नका. योग्य आकाराचा डबा, ३:१:२ प्रमाण आणि घट्ट भरणं एवढंच जमवा. दुसऱ्या आठवड्यात रंग आणा. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा, काळा हे पाच रंग डब्यात असावेत, हा जपानी स्वयंपाकातला जुना संकेत. गाजर, अंडं, फरसबी, भात आणि तीळ यांत पाचही रंग येतात. तिसऱ्या आठवड्यात भातावर फक्त दोन डोळे आणि एक हसू. चौथ्या आठवड्यात अस्वल.

आणि पहिल्या दिवसापासून एक नोंद ठेवा. डबा परत आल्यावर त्यात काय उरलं? भात उरला तर तो कडक झाला असेल किंवा जास्त दिला असेल. भाजी उरली तर तुकडे लहान करा किंवा पद्धत बदला. चेहरा तसाच शिल्लक असेल तर बहुधा मुलाला तो खावासा वाटला नसेल. असंही होतं. मग पुढच्या वेळी अख्ख्या अस्वलाऐवजी एक छोटं गाजराचं फूल पुरेसं आहे.

बेंतो जमला की नाही, हे झाकण लावण्याआधी काढलेल्या फोटोवरून कळत नाही. ते संध्याकाळी दप्तरातून निघालेल्या डब्याचं झाकण उघडल्यावर कळतं. डबा रिकामा असला की समजा, जमला.